पेंग्विन बघून झाले, आता तो हत्तीही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमची रविवारची पुरवणी आमच्या घरात सगळ्यांच्या हातातून फिरते, सासूबाई आधी रेसिपी वाचतात, मुलगी कोडं सोडवते, आणि मग उरलीसुरली माझ्याकडे येते. खूप दिवस एक गोष्ट मनात होती ती आज लिहितेच. मे महिना आला की 'मुलांना कुठे न्याल' अशी यादी येते, त्यात म्युझियमचं नाव असतं, वेळ असते, तिकीट असतं, आणि संपलं. आत काय आहे, ते कुठून आलं, कोणी आणलं, वाटेत त्याचं काय काय झालं यावर एक ओळ नसते. माझी विनंती एवढीच की दर रविवारी एकच वस्तू घ्या. एक मूर्ती, नाहीतर एक चित्र, नाहीतर एखादी डबी. आणि तिची पूर्ण गोष्ट सांगा, फोटो मोठा छापा.

का म्हणते ते सांगते. आम्ही ठाण्याची माणसं राणीच्या बागेत जातो ती पेंग्विन बघायला. भायखळ्याला उतरायचं, चालत जायचं, रांग लावायची, पेंग्विन बघायचे, मुलांना आईस्क्रीम द्यायचं आणि परत. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात कारण तो कोण ते कोणी सांगतच नाही. अहो तो घारापुरीचा हत्ती आहे! आपल्या नवी मुंबईच्या समोर, उरणजवळ जे बेट आहे ना, तिथल्या धक्क्याजवळ हा शेकडो वर्षं उभा होता, पोर्तुगीज आले, त्यांनी हा बघितला आणि बेटालाच एलिफंटा नाव देऊन टाकलं, म्हणजे सगळं जग ज्या नावाने ती लेणी ओळखतं ते नाव ह्याच्यामुळे. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान तुटून पडली. मग १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला, क्रेन तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून टाकले आणि जोडायला उजाडलं १९१४. पन्नास वर्षं तो तुकड्यात पडून होता. जवळ जाऊन नीट बघितलं तर अंगावर जोडल्याच्या खुणा दिसतात, एकदा गोष्ट माहीत झाली की नजर आपोआप त्या खुणांवरच जाते. मी माझ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना तिथेच उभं राहून हे सांगितलं तर त्या हत्तीला गोल गोल फिरून कुठे कुठे जोडलंय ते शोधत बसल्या, पेंग्विनची आठवण कोणाला झाली नाही.

ही ताकद गोष्टीत आहे. पाटीवर 'शिल्प, बेसॉल्ट, सहावं शतक' एवढं लिहिलं तर ती माहिती झाली, त्याने मूल दोन सेकंद थांबतं. मुलीच्या शाळेची ट्रिप गेली होती एका म्युझियमला (शाळेचं नाव लिहीत नाही), रांगेत आत, रांगेत बाहेर, घरी आल्यावर विचारलं काय बघितलंस तर भुसा भरलेले प्राणी आणि तलवारी. शिक्षकांचा तरी काय दोष, दोन बसभरून मुलं आणि हातात कुठलं पुस्तक नाही की माहिती नाही. त्यांच्या हातात जर तुमच्या पुरवणीचं एक कात्रण असतं तर त्या एका वस्तूसमोर तरी मुलं दहा मिनिटं बसली असती. मला वाटतं एका ट्रिपला एक वस्तू नीट बघितली तरी पुष्कळ झालं, सगळी दालनं पालथी घालायचा हट्ट कशाला.

आणि विषय कमी पडतील असं अजिबात नाही, आपल्या भागातलेच किती निघतील. नालासोपारा घ्या. आता तो पालघर जिल्ह्यात गेला, पण २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला जुना स्तूप खोदला तेव्हा आत दगडाची मोठी पेटी निघाली. ती उघडली तर मध्ये तांब्याची डबी, तिच्याभोवती ब्राँझच्या आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. हे सांगताना मुलगी मध्येच म्हणाली, आई मग सोन्याच्या डबीत हिरा होता का? तर नाही, मातीच्या भांड्याचे बारीक बारीक तुकडे होते, ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे अशी श्रद्धा. पाच डब्या एकात एक आणि सगळ्यात आत मातीचे तुकडे! हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे आणि वसई-विरार लोकलला लटकून रोज नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या किती लोकांना हे माहीत असेल मला खरंच शंका आहे. त्याच सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

परळचा शिव पण असाच. १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना ही प्रचंड शिळा सापडली, एका शिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशा सात आकृती आणि खाली वाद्यं वाजवणारे गण. मूळ मूर्ती परळच्या बारादेवीच्या देवळात आहे, तिची पूजा होते, आणि फोर्टच्या त्याच वस्तुसंग्रहालयात तिची प्लास्टरची प्रतिकृती आहे. मला तर वाटतं दोन्ही बघायला हवेत, एकीकडे हार-फुलं, दुसरीकडे लाइट, म्हणजे तोच शिव दोन ठिकाणी कसा वेगळा दिसतो ते कळतं.

वारलीचं काय सांगू. आमच्या इथे भिंतींवर, सोसायटीच्या गेटवर, कुर्त्यांवर, मगवर सगळीकडे वारली आहे. पण लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघट देवी असते, हे किती जणांना माहीत आहे? आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी ही कला भिंतीवरून कागदावर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची चित्रं परदेशापर्यंत पोचली. त्यांचं एक चित्र घेऊन त्यात कोण काय करतंय, कुठे तारपा वाजतोय, कुठे नाच चाललाय, एवढं जरी लिहिलंत तरी गेटवरची वारली बघायची नजर बदलेल.

फक्त एक विनंती, लिहिणाऱ्यांना सांगा की जड शब्द नकोत. तज्ज्ञांनी लिहावं, क्युरेटरनी लिहावं, कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहावं, पण सासूबाईंना आणि सातवीतल्या मुलीला दोघींना कळेल असं. आणि शेवटी दोन ओळी कामाच्या द्या, कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठल्या वारी बंद असतं (भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद असतं, लहान मुलांना घेऊन गेल्यावर गेट बंद दिसलं की फार वाईट वाटतं). वस्तुसंग्रहालयाची ती म्युझियम ऑन व्हील्सची बस आहे, शाळाशाळांत जाते, ती ठाण्यात किंवा नवी मुंबईत येणार असेल तर ती बातमी पण आधी द्या म्हणजे शाळांना बोलावता येईल.

पूर्ण पान मिळालं नाही तरी चालेल, शेवटच्या पानावर अर्धा कॉलम दिलात तरी मी दर रविवारी कापून वहीत चिकटवीन. पहिला लेख घारापुरीच्या हत्तीवर घ्या, सुट्टी लागायच्या आत.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)