टिलर राहिला, दुकान गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा आवृत्तीत कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानाची बातमी होती आणि तिच्या बरोब्बर खाली पॉवर टिलरच्या, म्हणजे मागून चालत हाकायच्या दोन चाकी नांगरट-यंत्राच्या, जाहिरातीची चौकट. 'मर्यादित साठा. अनुदानास पात्र.' इंजिन आयात केलेलं असल्याचं अगदी खालच्या ओळीत, औषधाच्या बाटलीवर छापतात तेवढ्या अक्षरात. ती चौकट वाचून झाल्यावर मी पडवीत गेलो आणि ताडपत्रीखालच्या आमच्या लाल टिलरला एकदा बघून आलो. म्हणून हे पत्र.

मी एस.टी.च्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. हे मिरवायला सांगत नाही. फजिती कोणाची झाली ते कळावं म्हणून सांगतो. घरची भातजमीन सव्वा एकर, पण ती अकरा कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यांत. सगळ्यांत मोठा कुणगा साडेसात गुंठ्यांचा. सगळ्यांत धाकट्यात जोत, म्हणजे नांगराची बैलजोडी, वळवताना एका बैलाला मेरेवर (बांधावर) चढावं लागायचं. अशा ठिकाणी मोठा ट्रॅक्टर उतरणारच कुठून? २०१७ साली आमचा थोरला बैल गेला. त्याला जोडी मिळेना, आणि जोडी मिळाली असती तरी जोत धरणारा गडी मिळाला नसता. गावातले तरुण गोव्याला नाहीतर मुंबईला. राहता राहिला टिलर.

२०१८ च्या मे महिन्यात दुकानात दोन टिलर शेजारी शेजारी उभे होते. देशी एक लाख ऐंशी हजारांचा, चिनी एक लाख अडतीस हजारांचा. फरक बेचाळीस हजार. पडवीचे पत्रे बदलायचे राहिले होते, ते त्या पैशात झाले. आज टिलर त्याच पत्र्यांखाली उभा आहे.

आता मी दुकानात काय बघितलं? इंजिन. मेकॅनिकची खोड, दुसरं काय. आडवं, एका सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं डिझेल इंजिन, १९५ जातीचं. पहिला आकडा सिलिंडरचा आणि पुढचे दोन पिस्टनच्या व्यासाचे, म्हणजे पंच्याण्णव मिलिमीटर. बारा अश्वशक्ती, मिनिटाला दोन हजार फेरे. रेडिएटर नाही, डोक्यावर पाण्याचं उघडं भांडं, त्यात तरंगणारी लाल खूण. पाणी उकळून जातं तशी खूण खाली बसते, की आपण व्हाळातलं (ओढ्यातलं) तांब्याभर ओतायचं. इतकं साधं इंजिन मी नोकरीतही पाहिलं नव्हतं. हँडल मारलं, पहिल्या फटक्याला सुरू झालं. मी खूश. दुकानाच्या मागच्या खोलीत सुटे भाग ठेवलेत का, हे मात्र विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर 'स्टोअरमध्ये भाग नाही म्हणून गाडी ऑफ रोड' असं रजिस्टरात लिहिलं, त्यानंच विचारलं नाही!

टिलरवर इथल्या कंपनीचा स्टिकर होता. पहिल्याच पावसात त्याचा कोपरा सुटला आणि खालून चिनी अक्षरांची पाटी निघाली. माझी त्याला हरकत नव्हती. आज ज्यांना आपण देशी टिलर म्हणतो त्यांतली बंगळुरूची व्हीएसटी मित्सुबिशीच्या आणि केरळची कामको कुबोटाच्या तंत्रावर उभी राहिली. मूळ सगळ्यांचंच परदेशी. चिनी म्हणजे टाकाऊ, असं चहाच्या टपरीवर बोलणाऱ्यांनी तो पहिला हंगाम पाहायला हवा होता. लोखंडी चाकं लावून अकराही कुणग्यांची चिखलणी चार दिवसांत झाली. तासाला सव्वा ते दीड लिटर डिझेल. बायको म्हणाली, बैलांना बारा महिने गवत घालायचो, हा आठ महिने उपाशी उभा राहतो.

एक गोष्ट मात्र टिलर घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकून ठेवावी, कारण पुस्तकात ती मला सापडली नाही. कदाचित चिनी पानांवर असेल. सपाटीला डावा हात, म्हणजे दांडीवरची डावी क्लचची मूठ, दाबला की टिलर डावीकडे वळतो. त्या बाजूच्या चाकाची ताकद तुटते आणि उजवं चाक त्याला फिरवतं. पण उतरणीवर तोच डावा हात दाबला की टिलर उजवीकडे जातो. उतारावर इंजिन चाकांना धरून ठेवत असतं; ज्या चाकाचा धरबंद सुटला ते पुढे पळतं. वरच्या कुणग्यातून खालच्या पाणंदीत उतरवताना मी हे शिकलो, ते टिलरसकट निवडुंगाच्या वयीत (कुंपणात) जाऊन. उतारावर हात दाबू नका, दांडीनं ढकलून वळवा. विकणाऱ्या पोरानं हे सांगितलं नाही, कारण त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं टिलर फक्त दुकानाच्या फरशीवर चालवला होता.

२०१९ चा जून. मिरग कोरडा गेला, पाऊस उशिरा आला आणि एकदम आला. सत्तावीस तारखेला सहाव्या कुणग्यात रोटरीतून, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांच्या भागातून, कट्कन आवाज आला आणि पाती थांबली. खतांच्या पोत्याची नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळली होती. तिनं ऑईल सील कापलं, चिखलाचं पाणी आत गेलं, तेलाचा दुधाळ चहा झाला, बेअरिंग जाम झालं आणि गिअरचे तीन दात गेले. दोरी माझ्याच शेतातली, म्हणजे निम्मी चूक माझी. ती मी कबूल करतो.

दुकानदार म्हणाला, "काका, भाग मुंबईहून मागवतो, चार दिवस." चार दिवसांनी माल बंदरात होता. आठ दिवसांनीही बंदरातच. अकराव्या दिवशी त्यानं फोन उचलणं बंद केलं. तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, चोवीस दिवसांचा होऊन उभा होता. एकवीस ते पंचवीस दिवसांत लावला तर फुटवा धरतो, पुढे नुसतीच उंची वाढते. शेजारच्या काकांनी स्वतःची लावणी आटपून आपलं जोत आमच्याकडे आणलं, तेव्हा तरवा अडतीस दिवसांचा झाला होता. टिलरकडे बघत ते म्हणाले, "बैल बसलो तर शेपटी पिळून उठवतंव. ह्येची शेपटी खंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बेअरिंगचं कोडं मी सोडवलं. पुस्तकात त्याचा नंबर होता २०५. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, तिन्ही ठिकाणच्या दुकानदारांनी असला नंबर नाही म्हणून हात वर केले. शेवटी डेपोतला जुना व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढून मोजलं. आतला व्यास पंचवीस, बाहेरचा बावन्न, जाडी पंधरा. म्हणजे आपलं ६२०५! जुन्या चिनी पद्धतीत पुढचा सहा लिहीतच नाहीत. दीडशे रुपयांचं बेअरिंग, जे तिन्ही दुकानांत फळीवर पडलेलं होतं. ज्यांच्याकडे असे टिलर आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं: २०५ असेल तर ६२०५ मागा, ३०५ असेल तर ६३०५. पण आधी मोजून घ्या.

गिअरला मात्र असा जगभर चालणारा नंबर नसतो. तुटका गिअर पिशवीत घालून एस.टी.नं गगनबावड्यावरून कोल्हापूरला गेलो, शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत. उद्यमनगराबद्दल मला पहिल्यापासून आदर. तिथल्या मिस्त्रीनं गिअर हातात घेतला, उरलेले दात मोजले, नखानं धार बघितली आणि म्हणाला, "ह्येचा जोडीदार कुठाय?" जोडीदार मी नेलाच नव्हता. पुन्हा कुडाळ, पुन्हा कोल्हापूर. गिअर झाला पाच हजार आठशेला, दोन खेपांचा खर्च वेगळा. तोवर लावणी संपलेली. तो गिअर दोन हंगाम चालला. पण आमचा नवा दात जास्त कडक झाला होता, त्यानं जुन्या जोडीदाराला खाल्लं. तेव्हापासून इंजिन काढून विहिरीच्या पंपाला लावतो, बाकीचा सांगाडा पडवीत.

याच सुमारास माझ्या भाच्यानं मस्कतहून व्हिडिओ कॉल केला. त्याच्या खोलीत एक बांगलादेशी मेकॅनिक राहतो, बोगुरा जिल्ह्यातला. भाच्यानं गंमत म्हणून फोन त्याच्याकडे दिला, मी टिलर दाखवला, आणि तो गडी हसायलाच लागला. हा तर त्याच्या घरचा! एकेका भागाचं नाव तो बंगालीत सांगायला लागला. त्यांच्याकडे १९८८ च्या महापुरात नांगराची गुरं गेली, मग सरकारनं आयातीची बंधनं सैल केली आणि हेच चिनी यंत्र गावोगाव पसरलं. आता बोगुऱ्याच्या वर्कशॉपांत त्याचे भाग ओतले जातात, कापले जातात. मला हवा तो गिअर तिथं बाजारात बादलीत पडलेला असतो, असं तो म्हणाला. त्यानंतर दोन दिवस मला ती बादलीच दिसत होती.

म्हणजे यंत्र तेच. तिथं एका जातीचे ढीगभर आले म्हणून त्यांच्यामागे लेथवाले उभे राहिले. आपल्या तालुक्यात मी मोजले तर सात टिलर, पाच रंगांचे, पाच नावांचे, आणि एकाचा गिअर दुसऱ्याला बसत नाही. ज्याला जो कंटेनर मिळाला तो त्यानं आणला, स्टिकर लावला, अनुदानात विकला.

यावर सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १५ जुलै २०२० ला केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं पॉवर टिलरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. टिलरबरोबर इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी, रोटरी हेही. परवाना हवा तर त्या धंद्यात किमान तीन वर्षं पाहिजेत, त्या काळात शंभर तरी टिलर विकलेले पाहिजेत, आणि प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा, सुटे भाग यांची सोय पाहिजे. नातवानं फोनवर शोधून दिलं, मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. शहाणपणाची अट. पण ती पुढे आणणाऱ्यांसाठी. आधी आणून, विकून जे मोकळे झाले त्यांना कोणी काही विचारलं नाही. आमच्या दुकानदारानं त्याच वर्षी पाटी बदलली. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. पोरगा तोच आहे, ओळख दाखवतो, वाईट नाही.

माझं म्हणणं कृषी खात्याला आहे. अनुदानाआधी यंत्राचा चाचणी अहवाल मागता, ते योग्यच. आंध्रात अनंतपूर जिल्ह्यात गार्लदिन्ने इथं केंद्राची चाचणी संस्था आहे. ताकद, डिझेल, थरथर, पात्यांची झीज, सगळं मोजतात. तिथं मोजलं जातं ते यंत्र. त्याच्यामागे उभं असलेलं दुकान कोणी मोजत नाही. पूर्वसंमती देण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यानं (पूर्वीचे कृषी सहायक) दुकानाच्या मागच्या खोलीत जावं आणि त्या मॉडेलचे ऑईल सील, क्लच प्लेट, रोटरीचे गिअर, हँडलच्या तारा फळीवर आहेत का ते डोळ्यांनी बघावं. फोटो काढावा; टिलरशेजारी उभ्या शेतकऱ्याचा काढताच ना! विक्रेत्याच्या रकमेतला काही भाग पाच वर्षं अनामत ठेवावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अनुदानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या सुट्या भागांचं पुस्तक आणि गिअरची मापं दापोलीच्या कृषी विद्यापीठात जमा व्हावीत. मापं म्हणजे नुसते दात आणि व्यास नव्हेत. पोलाद कोणतं आणि कडकपणा किती, हेही. उद्या आयातदार पळाला तरी तो कागद हातात असेल तर उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री असा गिअर कापून देईल, जो जोडीदाराला खाणार नाही. या कागदाला सरकारचा काय खर्च आहे?

२०२५ च्या सप्टेंबरात शेती यंत्रांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. चांगलं झालं. त्यामुळे आता जाहिरातींच्या चौकटी वाढतील, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण हँडल मारून खूश होतील. आपण त्या चौकटी छापता, तो आपला धंदा आहे, मी समजू शकतो. 'सुटे भाग कुठे मिळतील' एवढी एक ओळ जाहिरातदाराकडून घेतलीत तर बरं होईल.

कळावे,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव आणि फोन नंबर आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)

ता. क. – १९५ इंजिनाचा, लाल रंगाचा, सोळा पात्यांच्या रोटरीचा टिलर कोणाकडे भंगारात पडला असेल आणि त्याच्या रोटरीतली गिअरची जोडी शाबूत असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. एकटा गिअर नको, जोडी हवी. मी व्हर्निअर घेऊन येईन, आणि भंगारापेक्षा जास्त पैसे देईन.