नोड्सचा तक्ता छापलात, पण व्हर्जन कुठंय?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर प्रोसेसरचा स्पीड मोजून नंबर लावलेला तक्ता आला होता, विषय आवडीचा म्हणून लगेच वाचायला घेतला, तर एका प्रोसेसरसमोर स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचा आकडा, दुसऱ्यासमोर फ्रिट्झ या दुसऱ्याच प्रोग्रॅमवरच्या बेंचमार्कचा (वेग मोजायच्या चाचणीचा), आणि खाली कोण किती पट फास्ट ते सांगून मोकळे. असं नाही हो चालत.

सेकंदाला किती पोझिशन तपासल्या हा आकडा त्या त्या प्रोग्रॅमपुरताच खरा, कारण कशाला नोड (तपासलेली एक पोझिशन) म्हणून मोजायचं आणि एकेका नोडवर किती डोकं लावायचं हे प्रत्येक इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, आपापलं ठरवतं. आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा तो सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन बघायचा, आज फोनवरचा स्टॉकफिश त्याच्या कितीतरी कमी बघतो आणि खेळतो मात्र त्याच्याहून भारी. दोन वेगळी इंजिनं तर सोडाच, एकट्या स्टॉकफिशचंच बघा ना, सप्टेंबर २०२० मध्ये व्हर्जन १२ आलं, त्यात न्यूरल नेटवर्क घातलं, तर त्याच मशिनवर नोड्स धाडकन खाली आले आणि खेळ वर गेला. आता कुणी जुन्या पीसीवर व्हर्जन ११ चालवलं आणि नव्यावर १६, तर नव्याची फुकटच बदनामी.

मग तुलना करायची कशी? दोन्हीकडे एकच व्हर्जन घ्या, स्टॉकफिश उघडून नुसतं 'बेंच' टाइप करा. ठरलेल्या पोझिशन्स एका थ्रेडवर (कामाची एकच समांतर रांग), १६ एमबी हॅश (आधी तपासलेलं लक्षात ठेवायची मेमरी) आणि डेप्थ १३ (किती खोल बघायचं) ला चालतात आणि शेवटी तीन ओळी येतात: एकूण वेळ, तपासलेले नोड्स, सेकंदाला नोड्स. सगळे तिसरीवर झडप घालतात, मी म्हणतो आधी मधली बघा. ती दोन्ही मशिनवर शेवटच्या अंकापर्यंत तीच यायला हवी, नाही आली तर प्रोग्रॅमच वेगळा आहे, पुढं बोलूच नका. (थ्रेड वाढवले की मात्र हा आकडा दर वेळी थोडा हलतो, कारण सगळे थ्रेड एकाच हॅश टेबलात लुडबुड करतात.)

आणि बिल्ड, म्हणजे त्याच व्हर्जनचं ठरावीक प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेलं रूप! एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या नव्या वेगवान सूचनांचा एक संच) वाला बिल्ड एकीकडे आणि जुना साधा दुसरीकडे, तर नोड्स तेच येतात पण वेळ खूप वेगळा. एएमडीच्या झेन १ आणि २ या प्रोसेसरवर तर बीएमआय२ (असाच दुसरा संच) वाला बिल्ड उलट मार खायचा, कारण त्यातली पेक्स्ट ही सूचना तिथं फार मंद होती, झेन ३ ला ते सुधारलं. तुमच्या तक्त्यात बिल्डचा ब सुद्धा नाही.

बरं, बेंच काही सेकंदात संपतं, तेवढ्यात लॅपटॉप टर्बोवर (तात्पुरत्या वाढीव वेगावर) मस्त पळतो, दहा मिनिटं चालवा मग गरम होऊन क्लॉक (प्रोसेसरचा वेग) कसं पडतं ते कळेल.

शिवाय बुद्धिबळ हे एकाच प्रकारचं काम. प्रोसेसरच्या चाचण्या बनवणाऱ्या स्पेक या संस्थेच्या २०१७ च्या संचात इंटिजरचे (पूर्णांकी हिशेबाचे) १० प्रोग्रॅम आहेत, त्यातला डीपस्येंग हा एकच बुद्धिबळाचा, बाकी कंपायलर, व्हिडिओ, कॉम्प्रेशन वगैरे. त्यामुळे व्हिडिओ एडिटिंगसाठी मशिन घेणाऱ्याने तुमचा तक्ता बघून पैसे घालू नयेत.

पुढच्या वेळी प्रत्येक आकड्याशेजारी व्हर्जन, बिल्ड, थ्रेड आणि हॅश एवढं तरी छापा, जागा कमी पडली तर ते रंगीत बार काढून टाका.

आपला,
एक नियमित वाचक