इम्युनिटी नुसती पेशी मोजून कळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की लोक आधी डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा बघतात आणि जरा कमी दिसला की लगेच, मॅडम इम्युनिटी कमी झालीये का, वाढवायला काय घेऊ? यात लोकांचा दोष नाही, व्हॉट्सअॅपवर, मेडिकलच्या काउंटरवर आणि सांगायला वाईट वाटतं पण आपल्या आरोग्य पुरवणीतसुद्धा तेच असतं की पांढऱ्या पेशी वाढवा, आजार पळवा. आकडा फारच कमी-जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण आकडा वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं, बऱ्याचदा कुठेतरी इन्फेक्शन आहे एवढाच त्याचा अर्थ.

मुळात ज्या पेशीपासून हे सगळं सुरू होतं ती आमच्या रिपोर्टवर नसतेच. डेन्ड्रिटिक सेल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत हिचं प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी. न्यूट्रोफिलपासून बेसोफिलपर्यंत पांढऱ्या पेशींची पाच नावं आम्ही छापून देतो, त्यात ही कुठे नाही. तिचा खरा मुक्काम त्वचेत, फुफ्फुसात, आतड्याच्या अस्तरात.

पायात खिळा घुसला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे घरोघरी माहितीये. दुखणं पायाला, गाठ जांघेत, असं का हे मात्र कोणी सांगत नाही. तर जखमेतल्या जंतूंचे तुकडे डेन्ड्रिटिक सेल गिळते, जागा सोडते आणि लसीकेच्या (शरीरातल्या पातळ द्रावाच्या) नळ्यांतून जांघेतल्या गाठीत पोचते. तिथे टी सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात, प्रत्येकीला एकच ठरावीक तुकडा ओळखता येतो, त्यामुळे या जंतूचा तुकडा ओळखणारी लाखात एखादीच. अनोळखी माणसाचा फोटो घेऊन अख्ख्या चाळीत दारोदार विचारत फिरावं तसं ही तो तुकडा एकेका टी सेलला दाखवत राहते. किडनी ट्रान्सप्लांटच्या आधी जे एचएलए मॅचिंग करतात ना, त्याच एचएलएवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखीच्या प्रथिनावर, तो तुकडा ठेवलेला असतो. जुळणारी टी सेल सापडली की ती काही दिवसांत हजारोंनी वाढते, गाठ सुजते ती या सगळ्या धावपळीत.

आणि नुसता तुकडा दाखवून भागत नाही, मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. धोका खरा आहे असा दुसरा सिग्नलही डेन्ड्रिटिक सेलने द्यावा लागतो. तो नसेल तर ओळख पटूनही टी सेल गप्प बसते, आणि ती गप्प बसते म्हणून तर आपलं शरीर स्वतःवरच उलटत नाही, रोजच्या वरणभातावर तुटून पडत नाही. हे बिनसलं की टी सेल्स स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉइडवर हल्ला करतात. आता सांगा, "बूस्ट" नक्की काय करायचं? थांबवणारा भागही तितकाच इम्युनिटीचा भाग आहे ना.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोहन यांनी 1973 मध्ये उंदराच्या प्लीहेतल्या या पेशींचं वर्णन केलं. पेशी इतक्या थोड्या की बरीच वर्षं अनेकांनी त्या फार मनावर घेतल्या नाहीत. स्टाइनमनना पुढे स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, त्यांनी स्वतःच्याच डेन्ड्रिटिक सेल्सपासून केलेली लस स्वतःवर घेतली. 2011 चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले, समितीला ते माहीत नव्हतं, पण पारितोषिक कायम ठेवलं. लसीमुळे त्यांचं आयुष्य वाढलं का, हे एका माणसावरून ठरवता येत नाही, पण असा माणूस आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवा असं मला फार वाटतं.

आणि हे काही फक्त अमेरिकेतलं नाही. आपल्या खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, आयआयटी बॉम्बेबरोबर कॅन्सरवरच्या कार-टी थेरपीवर काम झालं आणि एप्रिल 2024 मध्ये भारतीय बनावटीची पहिली कार-टी थेरपी सुरू झाली. त्यात पेशंटच्या टी सेल्स बाहेर काढून त्यांना कॅन्सरची पेशी ओळखणारा रिसेप्टर (पेशीवरचं ओळखणारं प्रथिन) बसवतात, म्हणजे डेन्ड्रिटिक सेलने दाखवून द्यायची पायरीच टाळली जाते. ठाण्याहून गाडीने तासाभराच्या अंतरावर हे चाललंय आणि आपण पुरवणीत काढ्याच्या रेसिपी छापतोय.

एवढीच विनंती की तिथल्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर साध्या मराठीत चार-पाच लेख लिहून घ्या. त्यात बीसीजीबद्दल, म्हणजे टीबीच्या लसीबद्दल, जरूर असू द्या, कारण डाव्या दंडावर लस दिल्यावर बाळाच्या डाव्या काखेत कधीकधी गाठ येते आणि आया फार घाबरतात. छोटी गाठ बहुतेक वेळा आपोआप बसते, वाढत किंवा पिकत असेल तर दाखवायची, हे त्यांना पेपरातून कळलं तर फार बरं होईल.

आपली नियमित वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)