आधी फेजचा नॉब बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकावरच्या संगीतात जीव नसतो, अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकांची तक्रार अशी की, सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे संगणकात आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, एकच पट्टी दहा वेळा दाबली तरी दहाही वेळा हुबेहूब तोच आवाज येतो. मला हे पटलं नाही. गेली सोळा वर्षं मी सांगली-मिरजेच्या हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत करते, आणि मला सगळ्यात मोठा फटका बसला तो नेमका उलट्या गोष्टीचा. मी एकच पट्टी तीन वेळा दाबली आणि तिन्ही वेळा आवाज वेगळा आला.

दोन वर्षांपूर्वीची एकांकिका. बाप दार ओढून निघून जातो, त्या क्षणी खर्जातला एकच सूर हवा होता, पोटात घुमणारा. मी ५५ हर्ट्झचा सूर धरला. वजन यावं म्हणून दोन ऑसिलेटर (सिंथमधले लहर तयार करणारे भाग) घेतले, दोन्हींवर साधी, गुळगुळीत साइन लहर, दोन्ही अगदी एकाच सुरात. घरी तीन-चारदा दाबून बघितला, बरा वाटला. रंगीत तालमीला पहिल्यांदा दाबला तेव्हा खुर्च्या थरथरल्या. दुसऱ्यांदा अर्धाच आला. तिसऱ्यांदा जवळपास काहीच नाही. मुलीचं काम करणारी नटी थांबून विंगेत माझ्याकडे बघत राहिली. मी स्पीकरवाल्या दादांवर चिडले. त्यांनी बिचाऱ्यांनी वायरी बदलल्या, बेसचा डबा हलवला. दोष त्यांच्याकडे नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली.

रात्री घरी येऊन सिंथच्या आवाजाचा मीटर बघत पट्टी दाबत बसले, तेव्हा उलगडा झाला. माझ्याकडे व्हायटल आहे. २०२० साली आलेला हा सिंथ मोफतही मिळतो, म्हणून आमच्याकडची बरीच मुलं तोच वापरतात. त्यात प्रत्येक ऑसिलेटरला फेजचा नॉब असतो आणि शेजारी रँडमचा. हा रँडम मुळातच १०० टक्क्यांवर ठेवून दिलेला असतो. म्हणजे प्रत्येक वेळी पट्टी दाबली की लहर कुठून सुरू व्हायची, ते सिंथ चिठ्ठी टाकून ठरवतो.

फेजला पुस्तकी मराठीत 'कला' म्हणतात. चंद्राची कला म्हणतो तोच हा शब्द: फेरा तोच, आत्ता आपण त्यात कुठे आहोत एवढंच तो सांगतो. ५५ हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा सुमारे १८ मिलिसेकंदांचा. दोन सारख्या लहरी एकाच जागेवरून निघाल्या तर मिळून होणाऱ्या लहरीची उंची दुप्पट होते. त्यांच्यात ९० अंशांचा फरक पडला तर ती दीडपटीच्याही आत येते. १२० अंशांवर दोघी मिळून एकीएवढ्याच, आणि १८० अंशांवर शून्य. झोपाळ्याला दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी सारखाच रेटा द्यावा आणि तो जागचा हलू नये, तसं. आणि सूर जुळलेले असले की हा फरक पट्टी सोडेपर्यंत तसाच राहतो. जाड आवाजासाठी घेतलेला दुसरा ऑसिलेटरच पहिल्याला गिळत होता.

दोन्हींचे रँडम शून्यावर आणले, फेज सारखे केले, आणि सूर दर वेळी सारखाच भरभक्कम येऊ लागला. एक गोष्ट मात्र ऐकू आली: सुरुवातीला बारीकसा 'टक्'. लहर शिखरावरून सुरू होत होती, म्हणजे स्पीकरचा पडदा शांत असताना एकदम पुढे ढकलला जात होता. शून्यातून सुरू केली की टक् जातो. मी दोन्ही ऐकून पाहिले आणि टक् ठेवला. कारण तिथे दाराची कडी पडते. पाचव्या रांगेत बसून ऐकताना कडी आणि सूर एकच वाटत होते.

पण रँडम हा काही शत्रू नव्हे. माझे वडील मिरजेत पेट्या दुरुस्त करायचे. जोडसुरांच्या पेटीत एकाच स्वराचे दोन सूर लावताना ते कधीकधी केसाएवढा फरक मुद्दाम ठेवत, म्हणजे आवाज संथ डोलत राहतो. एक सूर ४४० आणि दुसरा ४४१ हर्ट्झ असेल तर सेकंदाला एक डोल. इथे फेजमधला फरक आपोआप फिरत असतो. सुरुवातीची फेज फक्त एवढंच ठरवते की डोल भरतीने सुरू होणार की ओहोटीने. ते दर वेळी वेगळं असलेलंच कानाला बरं. सिंथवर करवतीच्या दातांच्या आकाराच्या सात लहरी थोड्या थोड्या फरकाने लावल्या आणि सगळ्यांची फेज एकच ठेवली, तर प्रत्येक स्वर एक ठोसा मारून सुरू होतो आणि पाठोपाठ विमान गेल्यासारखा 'श्यूऽऽ' येतो, दर वेळी तसाच. लेखकांना जो निर्जीवपणा जाणवला, तो बहुधा असल्याच आवाजातला असावा. रँडम वाढवला की तो जातो.

१९७० च्या मिनिमूग या जुन्या, विजेच्या मंडलांवर चालणाऱ्या सिंथमध्ये हा प्रश्नच नव्हता. त्यातले ऑसिलेटर वीज सुरू केल्यापासून अखंड चालू असतात, पट्टी दाबल्यावर फक्त दार उघडतं, आणि लहर असेल तिथून ऐकू येते. सॉफ्टवेअरमध्ये ती लहर म्हणजे मोजणी. पट्टी दाबल्यावर ती ठरलेल्या आकड्यापासून सुरू करायची की नाही, हे आपल्या हातात आहे. हा अधिकार जुन्या यंत्राने दिला नव्हता, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. आणि मुलं तो न वापरता हजारो रुपयांचे तयार आवाज विकत घेतात, याचं मनापासून वाईट वाटतं. समोर आलेलं रीळ बघून नवा प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्य) घ्यायला निघालेल्या एका मुलाला परवाच मी थांबवलं. त्याचाही बेस असाच दर वेळी वेगळा येत होता. दोन नॉब फिरवून पाच मिनिटांत काम झालं.

आपल्या पुरवणीत यंत्रांच्या खरेदीबद्दल पुष्कळ येतं. आवाज कसा घडवायचा याबद्दलही थोडी जागा द्यावी, ही विनंती. सुरुवात करायला माझ्या तानपुऱ्याच्या आवाजाची मांडणी देते: जोडीच्या तारांना दोन ऑसिलेटर, किंचित फरकाने लावलेले, रँडम १०० वर. खर्जाच्या तारेला एकच ऑसिलेटर, रँडम शून्यावर.

– पार्श्वसंगीत करणारी एक वाचक, मिरज