नव्या गाडीला जुनं नाव: एका मिस्त्रीचं म्हणणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारच्या नव्या आवृत्त्यांवर लेख होता. हवेवर थंड होणारं इंजिन गेलं तेव्हाच पोर्शे ९११ संपली, आता उरलाय तो नुसता आकार, असं लेखकाचं मत. लेख मी दोनदा वाचला. लेखकाची तळमळ पटते, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय असं मला वाटतं. मी ३५ वर्षं गोडोलीत गॅरेज चालवलं, आता हातात पाना नसतो, म्हणून पेन घेऊन बसलोय.

आमची पिढी स्कूटरवर शिकली. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यात आला आणि इथं प्रिया स्कूटर बनू लागली. कोरेगावचे एक गुरुजी त्यांची प्रिया माझ्याकडे आणायचे. वीसेक वर्षांत मी तिचा ब्लॉक दोनदा बोअर केला, तिसऱ्यांदा नवाच बसवला. क्रँक बदलला, क्लच प्लेटा तर किती वेळा. पायाखालचा पत्रा सडला तेव्हा कापून नवा वेल्ड केला, वायरिंग संपूर्ण नवं ओढलं. गुरुजींनी कधी हूं की चूं केलं नाही. एकदा त्यांच्या मुलानं गाडी रंगवून घेतली, तेव्हा आमच्या पोऱ्यानं क्लचची केबलही आवळून दिली, अगदी पुस्तकात सांगितली तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दारात. म्हणाले, "मिस्त्री, ही माझी गाडी नाही." रंगाबद्दल चकार शब्द नाही, नव्या इंजिनाबद्दल नाही. मी डाव्या मुठीतला क्लच दाबून बघितला, मग केबल दोन आटे ढिली केली. त्यांनी चौकात एक फेरी मारली आणि मान हलवून थेट शाळेत गेले.

तेव्हापासून कुणी "ओरिजिनल" म्हटलं की मला गुरुजींचा डावा हात आठवतो.

सरकारची व्याख्या वेगळी आहे आणि तिच्या जागी ती बरोबर आहे. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ती व्हिंटेज, आणि तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं. जुनी वस्तू जपायची तर असाच नियम हवा. पण कारखान्यातून काल बाहेर पडलेल्या गाडीला ही फूटपट्टी लावून काय हाती लागणार? लेखकानं नेमकं तेच केलंय: एक भाग बदलला, म्हणजे गाडी खोटी.

९११ चंच बघा. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ती ९०१ या नावानं. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत अशी प्यूजो या फ्रेंच कंपनीनं हरकत घेतली, म्हणून ती ९११ झाली. म्हणजे नावसुद्धा पहिलं नाही. दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, १३० अश्वशक्ती, आणि ते मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं. त्यामुळे वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर जायची. सुरुवातीच्या काही गाड्यांना कंपनीनं पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजनं बसवून दिली होती. मिस्त्री म्हणून मला ही युक्ती फार जवळची वाटते, कारण ती कागदावरची नाही, गॅरेजमधली आहे. मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि गाडी बरीच शहाणी झाली. म्हणजे पहिल्या सहा वर्षांतच कारखान्यानं स्वतःच्या गाडीचा सांगाडा बदलला. शुद्धतेचा हिशेब लावायचा तर ती तेव्हाच बाटली म्हणावी लागेल!

पुढे कंपनी ही गाडी बंदच करणार होती, तिची जागा कंपनीचीच दुसरी गाडी, ९२८, घेणार होती. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. त्यांनी अभियंत्यांच्या प्रमुखाच्या खोलीत भिंतीवरचा तक्ता पाहिला, त्यावर ९११ ची रेघ त्या वर्षाशी थांबलेली. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली. शुट्झ हा किस्सा स्वतः सांगत. आज आपण ज्या गाडीबद्दल भांडतोय ती त्या रेघेमुळे आहे.

१९९७ साली इंजिन पाण्यावर थंड होऊ लागलं. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. पण ज्यानं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून पाहिलंय त्याला कारण कळतं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर हेडमधली ती चिंचोळी जागा नुसत्या हवेनं थंड ठेवणं अवघड. त्यात धूर आणि आवाजाचे नियम दरवर्षी कडक होत चाललेले. आपल्याकडच्या टू-स्ट्रोक स्कूटरी याच वाटेनं गेल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्या वासाची आठवण मलाही येते, पण पोवई नाक्यावर उभं राहून तो धूर परत यावा असं मी म्हणणार नाही.

हे सगळं वाचीव ज्ञान झालं असतं, पण २०१९ मध्ये भाच्याकडे स्टुटगार्टला जाणं झालं. त्याच्या कचेरीतल्या एका वयस्क सहकाऱ्याकडे १९८६ ची ९११ होती. मामा गॅरेजवाला आहे कळल्यावर गृहस्थांनी आधी ऑइल तपासायला लावलं. या गाडीचं ऑइल इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर बघायचं असतं, कारण ते वेगळ्या टाकीत साठतं. मी इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढली, तेव्हा ते हसले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जंगलातून उंचावरून जाणारा रस्ता आहे, त्यावर मी ती चालवली. पेडल जमिनीतून वर येतात. पॉवर स्टिअरिंग नाही, उभ्या गाडीत चाक वळवायला खांदे लागतात. पण गाडी निघाली की ते हलकं होतं आणि हातात सारखा बारीक चाळा करत राहतं. रस्त्याचा सांधा, खडी, ओल, सगळं तळहाताला कळतं. मालकांनी एवढंच बजावलं होतं: वळणात शिरल्यावर पाय उचलायचा नाही. यवतेश्वरच्या चढाला रिकामी जीप चालवताना आमचे उस्ताद मला हेच सांगायचे, अर्थात वेगळ्या भाषेत.

दोन दिवसांनी भाच्यानं नवी ९११ भाड्यानं आणली. आठ स्पीडची ऑटोमॅटिक, तीन लिटरचं टर्बो इंजिन. आत शांतता इतकी की मला आधी वाईटच वाटलं. किल्लीची जागा मात्र अजून स्टिअरिंगच्या डावीकडे, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बरोबर मधोमध. त्याच रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला आणि मागून तोच धक्का आला. मागची चाकं रस्ता धरून बसली, पुढचा भाग किंचित हलका झाला. डोळे बांधून बसवलं असतं तरी इंजिन कुठं आहे ते मी सांगितलं असतं. गुरुजींसारखी मीही मान हलवली. घराणं तेच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

पण नुकसान झालंय, आणि ते लेखात कुठंच आलं नाही म्हणून हा पत्रप्रपंच. पहिली ९११ होती १०८० किलोची आणि १.६१ मीटर रुंद. हल्लीची साधी ९११, म्हणजे कॅरेरा, सुमारे १५०० किलोची आणि १.८५ मीटर रुंद. एअरबॅग, अपघातात माणसाला वाचवणारा मजबूत सांगाडा, एसी, मोठी चाकं, मोठे ब्रेक, सगळं कुठंतरी बसवावंच लागतं, आणि त्यातल्या जिवाच्या गोष्टींना मी नावं ठेवणार नाही. तरी मेढ्याहून केळघर घाटानं महाबळेश्वरला निघालात आणि समोरून एसटी आली, तर १.६१ मीटरची गाडी स्वतःची रेषा धरून जाईल, १.८५ ची कडेला थांबून वाट देईल. स्पोर्ट्स कार घाटात थांबून राहू लागली तर तिचं काम अर्धं गेलं. इंजिनाला थंड कोण करतं यापेक्षा मला ही चोवीस सेंटिमीटर जास्त टोचतात.

माझं म्हणणं खरं की खोटं हे पडताळायला एक फ्रेंच गाडी उत्तम आहे. अल्पीन ए११०, १९६२ ची, दिएप गावात बनलेली, फायबरची बॉडी, वजन सातशे किलोच्या आसपास. १९७३ साली कंपन्यांसाठीची पहिली जागतिक रॅली स्पर्धा हिनंच जिंकून दिली. २०१७ मध्ये तेच नाव घेऊन नवी गाडी आली. इंजिन मागून उचलून मध्ये आणलं, फायबरऐवजी ॲल्युमिनियम, सांगाडा पूर्ण वेगळा. लेखकाच्या फूटपट्टीनं यात जुनं काहीच नाही. पण वजन सुमारे ११०० किलोवर रोखलं, आपल्या रस्त्यांवरच्या मधल्या आकाराच्या एसयूव्हीपेक्षा कमी! आजचे सगळे सुरक्षेचे नियम पाळून हे केलंय. त्या लोकांनी एकेक बोल्ट तराजूत टाकला असणार. ही गाडी मी चालवलेली नाही, तरी तिला अस्सल म्हणायला मी कचरत नाही. माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचंही तसंच: चौथी पिढी १९८९ च्या पहिलीपेक्षा लांबीला चक्क कमी भरते.

टोयोटाच्या सुप्राला लेखकानं सर्वांत जास्त झोडपलंय, कारण २०१९ च्या गाडीत बीएमडब्ल्यूचं इंजिन आहे आणि ती ऑस्ट्रियात तयार झाली. मला ते तितकं खुपत नाही. एका ओळीत सहा सिलिंडर आणि मागच्या चाकांना ताकद, ही तिची जुनी खूण तिथं शाबूत आहे. उलट फोर्डनं मस्टँग हे १९६४ चं नाव चार दारांच्या उंच इलेक्ट्रिक गाडीला लावलं, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. ती गाडी चांगली असेल, पण ते नाव ज्यांनी घडवलं त्यांच्या गाडीशी तिचं नातं मला सापडत नाही.

जग्वारनं निराळाच मार्ग धरला. १९६३ मध्ये तिच्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या हलक्या वजनाच्या १८ गाड्या बनायच्या होत्या, झाल्या १२. राहिलेले सहा चासी क्रमांक कंपनीनं २०१४ मध्ये हाती घेतले आणि जुन्या पद्धतीनं सहा गाड्या बांधल्या, शर्यतीसाठी. त्या कारागिरांना हात जोडावेत असं काम आहे ते. मात्र त्यातून पुढची गाडी जन्मत नाही. १९६३ चं अर्धं राहिलेलं काम पुरं झालं, इतकंच.

घरचं उदाहरण चेतकचं. १९७२ ला आलेली, पुढे बंद झालेली, २०२० मध्ये बॅटरीवर परतलेली. डाव्या मुठीतला गिअर नाही, चालू होईना म्हणून एका बाजूला कलती करायची गरज नाही. पण बॉडी पत्र्याचीच ठेवली आणि पुढं पोरगं उभं करून मंडईत जायचं कामही तेच ठेवलं. माझी सून ती चालवते. मी अजून तिच्याशी पुरता जुळलेलो नाही, तरी नाव चोरलंय असं म्हणवत नाही.

आता एक विनंती. आपल्या पुरवणीत गाड्यांची परीक्षणं येतात. त्यात स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे असतं. त्या चौकटीत गाडीचं वजन किलोत आणि आरशांसकट रुंदी छापत जा. आणि नव्या गाडीला जुनं नाव असेल तर त्या नावाच्या पहिल्या गाडीचे हेच दोन आकडे शेजारी द्या.

आपला,
एक निवृत्त मिस्त्री
गोडोली, सातारा