ऑफर स्वीकारण्यापूर्वी

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यासमोर दोन ऑफर आहेत, एक मोठ्या तंत्रज्ञान कंपनीची आणि दुसरी मोजक्या माणसांच्या कंपनीची, आणि त्यांतली कोणती स्वीकारावी असे तू विचारले आहेस. मी दोन्ही प्रकारच्या ठिकाणी काम केले आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते: सुरुवातीची काही वर्षे तू मोठ्या कंपनीत काढावीस असे मला वाटते. मात्र तिथले काय तुझे होणार आहे आणि काय कंपनीचेच राहणार आहे, हे पहिल्या दिवसापासून ओळखून राहा.

तुझे होणार आहे ते शिक्षण. लाखात एकदा घडणारी एखादी चूक घे. वापरकर्त्यांकडून दिवसाला हजार विनंत्या येणाऱ्या प्रणालीत ती तीनेक महिन्यांतून एकदा दिसेल आणि ‘पुन्हा करून पाहा’ एवढ्यावर विषय मिटेल. दिवसाला एक अब्ज विनंत्या येणाऱ्या प्रणालीत तीच चूक रोज दहा हजार वेळा घडते आणि तिचे मूळ शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा प्रमाणावर काम केलेल्या माणसाच्या मनात, हा सर्व्हर बंद पडला तर काय होईल, हा बदल मागे कसा घेता येईल, असे प्रश्न कोड लिहिण्याआधीच येऊ लागतात. शिवाय तुझी प्रत्येक ओळ दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाईल. कोड रिव्ह्यूमधल्या शेऱ्यांचा प्रारंभी त्रास होईल, पण अनुभवी माणसाने आपले काम इतक्या बारकाईने वाचणे हे भाग्य फार थोड्यांना लाभते. सेवा बंद पडल्यानंतर लिहिलेली जुनी पोस्टमॉर्टेमही आवर्जून वाच. चांगल्या टीममध्ये त्यांत कोणा एकाला दोष न देता व्यवस्थेतली त्रुटी शोधलेली असते, आणि माझ्या मते त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक नाही.

कंपनीचे राहणार आहे ते तिथले साधन. मोठ्या कंपन्या आपल्या गरजेपुरती साधने स्वतःच घडवतात. २०१५ च्या सुमारास गूगलचा सुमारे दोन अब्ज ओळींचा कोड एकाच सामाईक भांडारात होता आणि तो सांभाळण्यासाठी त्यांनी स्वतःची वेगळी प्रणाली उभारली होती. अशा ठिकाणी मन लावून काम केलेला अभियंता काही वर्षांनी बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या कौशल्याचा मोठा भाग अशा साधनांत अडकलेला असतो, जी बाहेर कुठेच नसतात. म्हणून प्रत्येक अंतर्गत साधनामागचे तत्त्व समजून घे आणि त्याच्या जोडीचे खुले, म्हणजे कोणालाही वापरता येणारे, साधनही हाताळत राहा. अनेक सर्व्हरवर कामे वाटून देणाऱ्या गूगलच्या अंतर्गत ‘बोर्ग’ प्रणालीच्या अनुभवातूनच त्याच कामाचे कुबरनेटीज हे साधन घडले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. अशा जोड्या पुष्कळ सापडतात.

बढतीचा विषय मला अधिक काळजीचा वाटतो. तुझे मूल्यमापन ज्या बैठकीत होईल त्या बैठकीत तू नसशील. तुझा मॅनेजर तुझ्या वतीने बोलेल, आणि जे त्याला थोडक्यात सांगता येईल तेच मोजले जाईल. नवे काही सुरू केल्याचे श्रेय पटकन दिसते; जुनी प्रणाली वर्षभर बिनबोभाट चालू ठेवणाऱ्याचे काम बहुतेकदा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये कर्मचाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत ठरावीक श्रेणींत बसवण्याची पद्धत होती, ती त्यांनी २०१३ मध्ये बंद केली, कारण तिच्यामुळे सहकारीच एकमेकांचे स्पर्धक होत होते. पद्धती बदलतात, पण श्रेणीवरून स्वतःची किंमत ठरवण्याची सवय माणसाला लागतेच, आणि ती तुला लागू नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. यासाठीच कंपनीच्या नावापेक्षा मॅनेजर कोण आणि टीम कोणती, याला अधिक महत्त्व दे.

पैशांबद्दल थोडक्यात. ऑफरमधल्या मोठ्या आकड्याचा बराच भाग शेअरचा असतो. ते सहसा चार वर्षांत थोडेथोडे हाती येतात, आणि पुष्कळदा पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी सोडले तर काहीच मिळत नाही. २०२२ या एका वर्षात फेसबुक चालवणाऱ्या मेटाच्या शेअरची किंमत साठ टक्क्यांहून अधिक उतरली होती. खर्च मूळ पगारावर बेत, शेअर ही बचत समज. नोकरी सुरक्षित आहे असेही मानू नकोस: नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने सुमारे ११ हजार आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२ हजार लोकांना कमी केले. अनेकांना हे ई-मेलमधूनच कळले, आणि उत्तम काम करणारेही त्यांत होते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तू मुलगी आहेस. एवढ्या मोठ्या संस्थेत एकट्याचा आवाज पोहोचत नाही असे तुला कधी वाटेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींच्या हाताळणीविरुद्ध गूगलचे हजारो कर्मचारी जगभर काम थांबवून बाहेर पडले, आणि अशा तक्रारी सक्तीने लवादाकडे नेण्याची अट कंपनीला काढून टाकावी लागली. चूक दिसेल तिथे बोल, आणि बोलणारी माणसे शोधून त्यांच्यासोबत राहा.

आता उत्तर पाठवण्याआधी तुझ्या होणाऱ्या मॅनेजरशी बोलण्याची वेळ मागून घे. टीममधली माणसे किती वर्षे टिकली, ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाल्यास कोणत्याही वेळी धावून जाण्याची, पाळी किती आठवड्यांनी येते आणि रात्री किती वेळा उठावे लागते, मागच्या वर्षी कोणाला कोणत्या कामासाठी बढती मिळाली, हे थेट विचार. उत्तरे टाळाटाळीची असतील तर दुसरी टीम माग. मोठ्या कंपनीत ती सोय बहुधा असते. करारातले बौद्धिक संपदेचे कलमही लक्षपूर्वक वाच, कारण सुटीच्या दिवशी स्वतःसाठी लिहिलेल्या कोडवरही काही कंपन्या हक्क सांगतात, आणि तुझा तो छोटासा खुला प्रकल्प तुला चालू ठेवायचा असेल तर त्याची लेखी परवानगी रुजू होण्याआधीच घ्यावी लागेल. ते पान मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू. सही त्यानंतर कर.

तुझी,
आई