रद्द करण्याचं बटण कुठे ठेवायचं?

कोल्हापूर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सगळं स्क्रीनवर लिहिलेलं असतं, ग्राहक स्वतःच्या बोटाने 'हो' म्हणतो, मग त्यात फसवणूक कसली?" दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या ॲपचं सभासदत्व एका टिचकीत मिळतं आणि सोडायचं म्हटलं की सहा स्क्रीन ओलांडावे लागतात. प्रत्येक स्क्रीनवर 'राहू द्या' ठळक हिरवं आणि 'रद्द करा' फिकट राखाडी. हे सहा स्क्रीन आखायचं काम तुझ्याकडे आलंय. माझं मत आधीच सांगतो. ही फसवणूक आहे, आणि जो ती आखतो त्याच्याकडे तिचा वाटा जातो.

माझी सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानातला काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच असतो. आकडा त्याला दिसतो, तो मान डोलावतो, पैसे देतो. तरी काटा खोटा निघाला तर "गिऱ्हाईक राजी होतं" या सबबीवर आम्ही कुणाला सोडलं नाही. राजीखुशी खोट्या मापावर घेतलेली असली तर ती राजीखुशी धरायचीच नसते. म्हणून कायदा आधी माप तपासतो.

लोखंडी वजनाला भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. त्या शिशावर आमचा शिक्का, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर. शिसं कोरून काढलं की वजन हलकं होतं आणि वरवर काही कळत नाही. पारड्याखाली चिकटवलेली चिंचही मी पाहिली आहे. पण तुझ्या प्रश्नाच्या जवळ जाणारा प्रकार मिठाईच्या दुकानातला. खोकं पन्नास ग्रॅमचं. ते पेढ्यांबरोबर तोललं आणि पेढे सहाशे रुपये किलो असले, तर पुठ्ठ्याचे तीस रुपये झाले. विचारलं की दुकानदार तुझंच वाक्य म्हणायचा, "साहेब, काटा समोर, खोकं समोर, लपवलंय काय?" लपवलं खरंच काही नव्हतं. पण दिवाळीच्या गर्दीत, मागे रांग ताटकळत असताना, तीस रुपयांसाठी तोंड उघडायला माणूस लाजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते तीस रुपये त्या लाजेचे होते. तुमच्या सहा स्क्रीनमधून येणारे पैसे थकव्याचे आहेत. चौथ्या स्क्रीनवर किती लोक नाद सोडतात याचा आकडा तुमच्याकडे रोज येतो, असं तूच म्हणालीस. म्हणजे कंपनी तो थकवा मोजून वापरते.

२०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग आपल्या राज्यात पेट्रोल पंपांवर छापे पडले. आपल्याकडे ठाणे पोलिसांनी बऱ्याच जिल्ह्यांतले पंप तपासले. पंपाच्या आतल्या पल्सरमध्ये, म्हणजे किती इंधन गेलं ते मोजून आकडा पाठवणाऱ्या भागात, फेरफार केलेली चिप निघाली. टाकीत पडायचं कमी आणि आकडा दिसायचा पूर्ण. मला तेव्हा पंपमालकापेक्षा ती चिप बनवणाऱ्या तंत्रज्ञाचा विचार जास्त यायचा. उन्हात दुचाकी घेऊन उभा असलेला माणूस त्याने कधी पाहिलाही नसेल. त्याच्यासमोर फक्त एक तांत्रिक प्रश्न होता आणि तो त्याने हुशारीने सोडवला. (पंपावर शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागायचा तुला हक्क आहे. मागत जा.)

फोक्सवॅगनचं प्रकरण तुला माहीत असेल. गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघड झालं. तुझ्या पुण्यातल्याच एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने आपल्याकडच्या गाड्या तपासल्या, आणि त्यानंतर कंपनीला भारतात तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत जेम्स लियांग नावाच्या अभियंत्याला २०१७ मध्ये चाळीस महिन्यांची कैद झाली. तो मालक नव्हता, नोकरदार होता. तुला भीती घालायला हे लिहीत नाही. स्क्रीन आखल्याबद्दल तुला कुणी तुरुंगात टाकणार नाही. पण "मी फक्त सांगितलेलं केलं" हे उत्तर न्यायालयात तोकडं पडलं, आणि मला वाटतं ते तसं पडायलाच हवं होतं.

तुमच्या क्षेत्रात आता नियमही आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत. त्यातले काही असे: खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या पानावर शुल्क वाढवत नेणं, आणि सभासदत्वातून बाहेर पडणं अवघड करणं. शेवटचा तुमचा. बुकमायशोवर प्रत्येक तिकिटामागे एक रुपया देणगी आपोआप जोडली जात होती, ती थांबवावी लागली. रुपया होता, कामही चांगलं होतं, तरी विचारल्याशिवाय घेतला होता. इंडिगोच्या संकेतस्थळावर जोडसेवा नाकारताना 'नाही, मी धोका पत्करेन' असं म्हणावं लागायचं, ते वाक्य बदललं. अमेरिकेत ॲमेझॉनने प्राइमच्या सभासदत्वाच्या खटल्यात २०२५ मध्ये अडीचशे कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, त्यातले दीडशे कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. आरोप हाच होता की लोकांना नकळत आत घेतलं आणि बाहेर पडणं अवघड केलं.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितलं. हे मला पुरेसं वाटत नाही. दुकानदाराने स्वतःच्या वजनावर स्वतःच शिक्का मारावा, अशी मुभा मी कधी दिली नसती. पण तुमच्या कंपनीतही त्या तपासणीचा कागद कुणीतरी भरत असेल, हे ध्यानात ठेव.

"सगळेच करतात" असंही तू म्हणालीस. आमच्याकडे तक्रार घेऊन नुसती गिऱ्हाइकं येत नसत. सरळ धंदा करणारे दुकानदारही येत, आणि जास्त पोटतिडकीने. शेजारचा किलोमागे पन्नास ग्रॅम मारतो, म्हणून दोन रुपये स्वस्त देतो. गिऱ्हाईक तिकडे जातं आणि मी महाग ठरतो, हे त्यांचं दुखणं. खरं माप देणारा माणूस त्या गल्लीत टिकत नाही, मग तोही शिसं कोरायला शिकतो, नाहीतर दुकान बंद करतो. तुमच्यातही तेच चाललंय. जो पहिल्याच पानावर सगळे कर आणि शुल्क धरून किंमत दाखवतो तो यादीत खाली जातो. आणि एकदा विश्वास गेला की प्रामाणिक माणसालाही त्याची किंमत मोजावी लागते. आपल्याकडे ऊस उत्पादकांनी काटामारीवरून किती आंदोलनं केली ते तू बघितलंयस. कारखान्याचा काटा खरा असला तरी शेतकरी गाडी आधी बाहेर तोलून घेतो, कारण खरा कोणता हे त्याला ओळखता येत नाही.

गिऱ्हाइकाची बाजूही स्वच्छ नसते. "बिल नको, थोडं कमी करा" म्हणणारे आपलेच लोक. लग्नापुरता ड्रेस मागवून, घालून, खुणेची चिठ्ठी तशीच ठेवून परत पाठवणारे आपल्याच नात्यात आहेत. त्याचा भुर्दंड शेवटी विकणाऱ्या छोट्या माणसावर पडतो. हे चूक आहे, आणि मी तोंडावर सांगतो. पण दोन्ही बाजू सारख्या, असं म्हणून तुमचे सहा स्क्रीन सुटत नाहीत. कंपनीकडे माणसं आहेत, आकडे आहेत, वेळ आहे. शेजारच्या काकूंकडे एक मोबाइल आणि अधू डोळे आहेत. त्यांच्या खात्यातून एका ॲपचे पैसे दर महिन्याला जात होते. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तशी ती येतही होती. पण संदेश इंग्रजीत, म्हणून त्या पुसून टाकत होत्या. मी यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद करून दिला.

राजीनामा दे, असं मी सांगणार नाही. घराचा हप्ता मला ठाऊक आहे, आणि तू गेलीस तर ते सहा स्क्रीन दुसरं कुणी तरी करेलच. तू दुसरा आराखडा कर, जितक्या टिचक्यांत आत तितक्याच टिचक्यांत बाहेर, आणि तो त्यांच्या आराखड्याबरोबर ठेव. वाद तत्त्वाचा करू नकोस, त्यात तुला भाबडी ठरवतील. मार्गदर्शक तत्त्वांतला सभासदत्वाचा परिच्छेद दाखव आणि विचार, की स्वतःच्या तपासणीच्या त्या कागदावर या स्क्रीनबद्दल काय लिहायचं आणि सही कोणाची. हे तोंडी नको, मेलवर. शिवाय, ज्यांनी तीन महिन्यांत ॲप उघडलंच नाही अशा सभासदांकडून किती पैसे येतात, तो आकडा माग. देतील की नाही सांगता येत नाही, पण मागितल्यावर खोलीतल्या सगळ्यांना कळेल की तो आकडा कुणीतरी बघतंय.

तरीही तेच करायला लावलं, तर त्या कामातून नाव काढून घ्यायला सांग आणि दुसरीकडे अर्ज सुरू कर. मधले काही महिने ओढाताण झाली तर हप्त्याचं मी आणि आई बघू, त्यासाठी तुला ते स्क्रीन करावे लागू नयेत. मेल पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. सरकारी पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली आहे, कुठला शब्द अंगलट येतो ते मला कळतं. रविवारी सकाळी फोन करतो, तोवर तो परिच्छेद एकदा वाचून ठेव.

तुझा,
बाबा